चौलचे प्रसिद्ध गुडघे

मानवजातीचा सारा इतिहास म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चाललेला अखंड लढा आहे.

हे वाक्य माझं नाही. रायगडच्या किनाऱ्यावर एका न्यासाच्या इस्पितळात सर्जन मंडळींची कार्यशाळा होती. तिच्या उद्घाटनात प्रमुख पाहुणे फेट्याचं टोक सावरत हे वाक्य म्हणाले, आणि मी दुसऱ्या रांगेत बसून ते ऐकलं. त्यांच्या समोरच्या माइकचा स्क्रू ढिला होता. पाहुणे बोलत होते आणि माइक हळूहळू खाली येत होता. त्याच्याबरोबर पाहुणेही खाली येत होते. 'आपण झुकणार नाही' हे वाक्य आलं तेव्हा ते टेबलावरच्या फुलदाणीशी बोलत होते. लढ्यात कोण जिंकतंय हे सगळ्यांना दिसत होतं. टाळ्या मात्र पाहुण्यांना मिळाल्या.

पण ही गोष्ट तिसऱ्या दिवसाची. आधी तिथे मी कशी पोचले ते सांगते.

मी अमरावतीची, भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशन चांगलं झालं की लोक सर्जनच्या पाया पडतात. माझा चेहराही त्यांना आठवत नाही, कारण तो विसरायला लावणं हेच माझं काम. माझी मैत्रीण वसुधा सर्जन आहे, त्यामुळे तिच्या पाया फार लोक पडले आहेत. तरी डोकं ठिकाणावर असलेली अशी सर्जन मी दुसरी पाहिली नाही. ती जिथे शिकवायला जाते तिथे भूल द्यायला मला नेते. कारण विचारलं तर म्हणते, "टेबलाच्या डोक्याकडून कुणीतरी टोमणा मारला की माझा हात स्थिर राहतो."

या वेळी शिकवायचं होतं ते आपल्याकडे कुजबुजूनच बोलतात अशा आजाराचं ऑपरेशन: अंग बाहेर येणं. बाईच्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. बाळंतपणं, ओझी आणि वय यांनी ती सैलावते. मग गर्भाशय खाली सरकत सरकत शेवटी बाहेर डोकावू लागतं. यानं जीव जात नाही. जगणं तेवढं आखूड होत जातं. यावरचा एक उपाय असा, की पोटावर बारीक छिद्रं पाडायची, आत कॅमेरा आणि लांब दांड्याची हत्यारं घालायची, आणि खाली आलेलं अंग जाळीच्या पट्टीनं कण्याच्या तळाच्या हाडाशी टांगून ठेवायचं. स्वयंपाकघरात शिंकं टांगतात तसं. सांगायला सोपं आहे. करायला हात बसावा लागतो, आणि तो भाषणं ऐकून बसत नाही.

किहीम

आमची उतरायची सोय किहीमला एका नारळीच्या वाडीतल्या घरात होती. यजमानीणबाईंनी स्वागताचं पहिलं वाक्य आम्हाला न म्हणता आमच्या ड्रायव्हरला म्हटलं.

"गाडी नारळाखाली लावू नका हो."

ड्रायव्हर दिलीप पनवेलचा. तो म्हणाला, "टेन्शन नाय ताई. अपनी गाडी लकी हाय."

अमरावतीला झाडावरून पडून पडून काय पडणार, चिंच. माणूस खुशाल झाडाखाली झोपतो. इथे झाडाखाली उभं राहण्याआधी वर बघायची रीत आहे. मी पहिल्या दिवसभर इतक्या वेळा वर बघितलं की संध्याकाळी मान दुखू लागली. वसुधा मात्र पुळणीवर चपला हातात घेऊन थेट पाण्यापर्यंत गेली, आणि लाट आल्यावर हातातली एक चप्पल समुद्राला देऊन परत आली.

जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी होती. आमच्याकडे पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की स्वयंपाक जमला असं धरतात. इथे सगळ्याला खोबऱ्याची साय. मी चौथी भाकरी घेतली तेव्हा यजमानीणबाई वसुधाला म्हणाल्या, "ह्यांना आवडलेलं दिसतंय." वसुधा म्हणाली, "नाही, ती नुसती शंका घेत घेत खाते."

सकाळी गाडीच्या टपावर एक खोलगट खड्डा होता आणि बाजूला एक नारळ. दिलीप दोन्हीकडे आळीपाळीने बघत होता.

"काच वाचली," तो म्हणाला. "बोललो ना, लकी हाय."

चौल

त्या दिवशी आम्हाला न्यायला डॉ. नाझनीन आली. नाझनीन श्रीवर्धनची, पस्तिशीतली. ज्या इस्पितळात कार्यशाळा होती तिथली ती एकटी स्त्रीरोगतज्ज्ञ. कार्यक्रमपत्रिकेवर तिचं नाव 'स्थानिक सहकार्य' या शब्दांखाली होतं. म्हणजे पेशंट आणायची तिने, तपासण्या करायच्या तिने, आणि ऑपरेशनच्या वेळी कॅमेरा धरायचा तिने. ऑपरेशन करणार वसुधा, आणि बाहेरून आलेले सर्जन ते सभागृहातल्या पडद्यावर बघणार.

वाटेत ती म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे अशा बायका सारख्या येतात. मी आधाराला तात्पुरती रबराची कडी बसवते आणि सांगते, मुंबईला जा, ऑपरेशन करून घ्या. मुंबई म्हटलं की बाई म्हणते, पुढच्या वर्षी."

"मग तू का करत नाहीस?" वसुधाने विचारलं.

"घरी सरावाला खोक्यात शिवते ना. मोबाइलचा कॅमेरा लावून. सुपारीच्या झावळीचा बुंधा असतो ना, चिवट, त्याच्यावर टाके घालते. पण ती झावळ. माणसात तो हाडावरचा टाका मी कधी घातला नाही. चार कार्यशाळांना गेले. चारही वेळा मागच्या रांगेतून पडदा बघितला." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही तीन दिवसांनी जाल. त्यानंतर जी बाई येईल तिचं काय, एवढंच माझ्या डोक्यात असतं."

वसुधा खिडकीबाहेर बघू लागली. ती अशी बघते तेव्हा बहुतेक काहीतरी ठरवत असते.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं त्या शरयूकाकूंच्या घरी आम्ही निघालो होतो. ऐन वेळी त्यांनी 'नको' म्हणू नये म्हणून वसुधाने भेटावं, अशी नाझनीनची इच्छा होती. चौलला त्यांची सुपारीची वाडी आहे. पाटाचं पाणी बुंध्याबुंध्याशी फिरवलेलं, सुपारीवर मिरीचे वेल चढलेले, आणि ऊन इतकं गाळून आलेलं की भर दुपारीही माणसं हळू आवाजात बोलतात. काकूंचे यजमान अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. ते मात्र हळू बोलत नव्हते.

"बसा! आधी शहाळं!"

त्यांनी स्वतः कोयत्यानं शहाळी तासली. पाणी पिऊन झाल्यावर प्रत्येक शहाळं फोडलं आणि त्याच्याच सालीचा एक चपटा तुकडा छाटून हातात दिला. तो चमचा. त्यानं आतली कोवळी मलई खरवडून खायची.

"ह्या घरातून महत्त्वाच्या कामाला निघालेला माणूस शहाळ्याशिवाय बाहेर पडलेला नाही," अण्णा म्हणाले. "परीक्षा असो, लग्न असो, कोर्ट असो."

"आमच्याकडे हातावर दही ठेवतात," मी म्हटलं.

"दह्यानं सर्दी होते," अण्णांनी निकाल दिला.

काकू आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. दार लोटून घेतलं.

"माझे गुडघे चौलात प्रसिद्ध आहेत," त्या वसुधाला म्हणाल्या. "माहीत आहे ना?"

"गुडघे?"

"मग काय सांगणार लोकांना? दहा-अकरा वर्षं झाली. लग्नाला गेले की दाराजवळची खुर्ची धरते, सारखं उठावं लागतं म्हणून. हळदीकुंकवाला खाली बसत नाही. बहीण श्रीवर्धनला आहे, तिच्याकडे जात नाही. एसटी आपटली की सगळं हातात येतं. विचारलं की सांगते, गुडघे. लोक इतके चांगले, काय सांगू! कुणी तेल आणून देतं, कुणी पट्टा. कपाट भरलंय तेलांनी. गुडघे माझे ठणठणीत आहेत हो."

"अण्णांना माहीत आहे?"

"बायकांचं काहीतरी आहे एवढं माहीत आहे. विहिरीचा पंप बंद पडला की पाणी मीच ओढते, नारळाची पोती मीच ओटीवर आणते. पुरुषमाणसाला काय दिसणार त्यातून?" मग त्यांनी वसुधाकडे रोखून बघितलं. "एकच विचारते. नंतर मला खाली मांडी घालून बसता येईल? आणि एसटीत?"

"तीन महिन्यांनी दोन्ही," वसुधा म्हणाली. "पण तीन महिने वजन उचलायचं नाही. पाण्याची कळशीसुद्धा नाही."

काकू हसल्या. तीन महिने घरात कळशी कोण उचलणार, हा प्रश्न त्यांनी तोंडाने विचारला नाही.

वसुधाने कॅमेऱ्याबद्दलही विचारलं. ऑपरेशन पडद्यावर दाखवलं तर चालेल का?

"डॉक्टरांना दाखवा. गावाला नको."

इस्पितळ

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी दीपप्रज्वलन झालं. मेणबत्ती तीनदा विझली, कारण समया बरोबर पंख्याखाली होत्या आणि पंखा बंद केला तर पाहुण्यांना घाम येत होता. मग शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. ज्या मुलखात नारळ रोज डोक्यावर पडायची भीती असते, तिथे तो समारंभपूर्वक हातातही देतात, हे मला आवडलं. त्यानंतर माइक खाली येऊ लागला आणि त्यामागोमाग पाहुणे. मी उठून पेशंट बघायला गेले.

शरयूकाकू हिरव्या गाऊनमध्ये शांत पडल्या होत्या. रंजना सिस्टर त्यांच्या हाताची पट्टी तपासत होती. नाडी चांगली, रक्तदाब चांगला. मी विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?"

"एक शीत नाही," काकू म्हणाल्या.

मी वळले आणि खिडकीच्या कट्ट्यावर मला तो दिसला. शहाळ्याच्या सालीचा चपटा तुकडा, एका कडेला पांढरी साय सुकत आलेली.

नुसतं पाणी प्यायला चमचा लागत नाही.

"काकू, मलई खाल्लीत?"

"टाकणार का? आमच्या झाडाची."

"कधी?"

"आत्ताच. अण्णा घेऊन आले होते. म्हणाले, एवढ्या मोठ्या कामाला निघालीस आणि शहाळ्याशिवाय?"

रंजना सिस्टरने कपाळाला हात लावला. "अगो बाय! बोर्ड लावलाय न्हाय का दारावर, उपाशी म्हणून!"

"उपाशीच होते की," काकू म्हणाल्या. "शहाळं काय जेवण आहे?"

भूल दिली की माणसाचा गिळायचा-खोकायचा पहारा उठतो. पोटात काही असेल तर ते वर येऊन फुफ्फुसात उतरू शकतं. त्यातून या ऑपरेशनला टेबल डोक्याकडे खाली झुकवतात, आतडी छातीकडे घरंगळावीत आणि ओटीपोट मोकळं व्हावं म्हणून. म्हणजे ज्याच्याविरुद्ध सभागृहात लढा चालला होता, त्याच गुरुत्वाकर्षणाच्या मदतीनं आम्ही काम करणार होतो. पण पोटातल्या मलईलाही ते तेवढीच मदत करतं.

मी बाहेर येऊन सांगितलं, सहा तास थांबायचं.

न्यासाचे कार्यवाह धावत आले. छातीवर फुलाएवढा बिल्ला. "मॅडम, सभागृह भरलंय! पाहुणे पहिला छेद बघून मगच निघणार आहेत."

"मग त्यांना सहा तास बोलायला सांगा."

"पण थोडीशी मलई..."

"थोडीशीच भूल देऊ का?"

ते वसुधाकडे वळले. वसुधा नुसती म्हणाली, "भूल तिची. ती नाही म्हणते म्हणजे नाही."

पुढचं सगळं उतरणीला लागलं. पाहुण्यांचं घड्याळ त्यांना तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला एका उद्घाटनाला घेऊन गेलं. जमलेल्या सर्जन मंडळींना घटकाभर स्लाइड दाखवल्या, मग जेवण दिलं. जेवणात सुरमई होती. दुपारी त्यांच्यासाठी मुरूडला जंजिरा बघायला जायची बस ठरलेली होती. ऑपरेशन की किल्ला, असा प्रश्न सुरमईनंतर विचारला गेला. बस वेळेवर सुटली.

तेवढ्या वेळात वॉर्डात अण्णा अपराध्यासारखे उभे होते.

"माझ्यामुळे झालं ना?"

"शहाळ्यामुळे," मी म्हटलं. "गोड होतं म्हणे."

"होतं," ते म्हणाले, आणि जरा सावरले.

वसुधा काकूंच्या पलंगावर बसली. नाझनीनला तिने जवळ बोलावलं. "काकू, एक विचारते, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी माझी काही हरकत नाही. ऑपरेशन नाझनीनने करायचं. मी शेजारी उभी असेन, एकेक टाका बघेन, हात अडला तर मी घेईन. चालेल?"

काकूंनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं.

"तुम्ही तर परवा जाणार," त्या वसुधाला म्हणाल्या. "नंतर काही झालं तर दार हिचंच ठोठावायचं आहे मला. हिलाच येऊ दे की."

ऊन कलल्यावर आम्ही सुरुवात केली. आत आम्ही चौघी आणि झोपलेल्या काकू. टेबल झुकवलं, पोटात वायू भरला, पडद्यावर आतलं गुलाबी जग दिसू लागलं. नाझनीन सवयीनं कॅमेऱ्याकडे गेली.

"तिकडे नाही," वसुधा म्हणाली. "माझ्या जागेवर ये. कॅमेरा मी धरते."

अर्ध्या महाराष्ट्रातले सर्जन जिचा हात बघायला बसगाडीने येतात, ती वसुधा दोन तास कॅमेऱ्याची नळी धरून उभी राहिली. मध्येच म्हणाली, "हे काम कंटाळवाणं आहे गं." नाझनीन म्हणाली, "हो मॅडम, मला माहीत आहे."

जाळीची पट्टी खालच्या बाजूला छान बसली. मग तो हाडावरचा टाका आला. कण्याच्या तळाशी हाडावर एक चिवट पडदा असतो, त्यात सुई घालायची. फार वरवर गेली तर निसटते. शेजारून शिरा जातात, त्यांना लागली तर रक्त असं येतं की सगळ्यांचीच शुद्ध हरपावी. नाझनीनची सुई तिथे जाऊन थांबली. मी टोमणा शोधत होते. सापडला नाही.

"घाई नाही," वसुधा म्हणाली. "हाड कुठे जात नाही."

सुई गेली, आली. वसुधाने तिला दुसऱ्या हाताने दोरा जरा ओढून बघायला सांगितला. टाका सुटून आला.

"हा फोटोपुरता झाला. पुन्हा घे. हे बघ नाझनीन, खाली किती सैल आहे बघ. हे घेऊन ही बाई दहा-अकरा वर्षं विहिरीवर गेली. पोती उचलली. चालताना, खोकताना, हसताना हे बाहेर येत होतं आणि ती लोकांना सांगत होती गुडघे दुखतात. हे परत खाली येता कामा नये. झावळीत घालतेस तसा घाल. खोल."

नाझनीनने श्वास सोडला. सुई पडद्यात शिरली, वळली, पलीकडे निघाली. गाठ बसली. ओढून बघितली. हलली नाही. पुन्हा ओढली. माझ्या यंत्राचा टिकटिकाट तेवढा चालू होता.

तेवढ्यात छतातून पुरुषाचा आवाज आला, "बसला का?"

नाझनीन दचकली, पण हात हलला नाही. मला तिचं तेव्हा खरं कौतुक वाटलं.

"अगो बाय!" रंजना सिस्टर म्हणाली. "अण्णा हायत हॉलमध्ये!"

झालं होतं असं. वऱ्हांड्यात उकडत होतं म्हणून अण्णा पंख्याखाली बसायला सभागृहात गेले. माणसं किल्ल्यावर गेली होती, पण पडदा कुणी बंद केला नव्हता. प्रमुख पाहुण्यांचा माइक पार खाली येऊन टेबलावर आडवा पडला होता, तोही चालूच, आणि सर्जन मंडळींना प्रश्न विचारता यावेत म्हणून आतल्या छतातल्या स्पीकरला जोडलेला. रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटे बसून अण्णांनी सगळं पाहिलं होतं. आणि वसुधा जे जे बोलली ते सगळं ऐकलं होतं.

"बसला, अण्णा," वसुधा वर तोंड करून म्हणाली. "नाझनीनने घातला. आता तो पडदा बंद करा."

"कसा करतात?"

"मागे वायर आहे. उपटा."

पडदा बंद झाला असावा. पुन्हा आवाज आला नाही.

वॉर्ड

दुसऱ्या दिवशी काकू उठून चार पावलं चालल्या. मग दाराशी थांबून मुद्दाम खोकल्या. वाट बघितली. पुन्हा खोकल्या.

"काय झालं?" नाझनीन घाबरून पुढे झाली.

"काही नाही," काकू म्हणाल्या. "तेच बघत होते. काही नाही झालं."

अण्णा खुर्चीवरून हे बघत होते. परत येऊन टेकल्यावर काकूंनी त्यांना विचारलं, "तुम्ही पाहिलंत म्हणे सगळं."

"हो."

"काय दिसलं?"

अण्णांनी बराच विचार केला. "मला त्यातलं काय समजणार," ते म्हणाले. "गुडघे नाहीत, एवढं समजलं."

काकूंनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाल्या, "तो पंखा जरा कमी करा." अण्णा इतक्या लगबगीनं उठले की खुर्ची पडली.

काकू घरी निघताना नाझनीनने सूचना दिल्या. तीन महिने वजन नाही, कळशी नाही, पोतं नाही.

"मी आहे ना," अण्णा म्हणाले.

"बघू," काकू म्हणाल्या.

श्रीवर्धन

शेवटच्या दिवशी नाझनीन आम्हाला तिच्या माहेरी जेवायला घेऊन गेली. आगरदांड्याला गाडीसकट फेरीबोटीवर चढून खाडी ओलांडली. दिलीपने टपाचा खड्डा वरून दिसू नये म्हणून त्यावर टॉवेल पसरला होता. श्रीवर्धनला घराघरापुढे सुपारी वाळत घातलेली, केशरी-पिवळी, जणू आमच्या संत्र्यांची लहानपणची रूपं. मला क्षणभर घर आठवलं. मी एक उचलून हुंगली आणि लगेच खाली ठेवली.

नाझनीनच्या अम्मींनी तांदळाची रोटी, कोलंबीचं कालवण आणि वसुधा शाकाहारी म्हणून तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी केली होती. नारळाच्या दुधातली गोड, वाफवलेली सांदणं मात्र दोघींना सारखीच. अमरावतीला 'अजून घ्या' म्हणतात आणि आपण 'नको' म्हटलं की वाढतात. इथे अम्मी काही न विचारताच वाढत होत्या. त्यामुळे वेळ वाचतो.

"ऑपरेशन मोठं झालं म्हणे," अम्मी वसुधाला म्हणाल्या. "तुम्ही केलंत?"

"नाही. तुमच्या मुलीने केलं."

"आणि तुम्ही?"

"मी कॅमेरा धरला."

अम्मींनी सांदणाची थाळी तिच्यापुढे सरकवली. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी कणव होती. "या अल्ला! एवढ्या लांबून कॅमेरा धरायला आलात?"

नाझनीन स्वयंपाकघरात पळाली. तिथून हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

परतताना वसुधा हाताची घडी घालून ताठ बसली होती. बोटीवर मी म्हटलं, "आज प्रमुख पाहुण्यांसारखी बसली आहेस."

"मी विचार करतेय," ती म्हणाली, "की पुढच्या कार्यशाळेत पहिल्याच दिवशी सगळ्यांना किल्ला बघायला पाठवायचं."

अमरावती

घरी येऊन आता चार महिने होत आले. कार्यवाहांनी वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. त्यात दीपप्रज्वलनाचा फोटो आहे, मेणबत्ती पेटलेल्या क्षणाचा. प्रमुख पाहुण्यांच्या मार्गदर्शनाखाली गुंतागुंतीची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असं खाली छापलं आहे. नाझनीनचं नाव नाही. पाहुण्यांचा फेटा छान आला आहे.

काल नाझनीनचाच फोन आला. मुंबईला न गेलेल्या आणखी काही बायकांची ऑपरेशनं तिने एकटीने केली. पहिल्या वेळी रंजना सिस्टरने कॅमेरा धरला आणि मध्येच म्हणाली, "म्याडम, हात लांबवा की, घाबरता काय." काकू तपासायला येऊन गेल्या. टाका जागेवर आहे. त्या आता हळदीकुंकवाला मांडी घालून बसतात, आणि गेल्या आठवड्यात एसटीने बहिणीकडे जाऊन आल्या. गुडघे कशाने बरे झाले असं सगळं चौल विचारतं. काकू प्रत्येकीला सांगतात, तू दिलेल्या तेलाने.

"आणि अण्णा?" मी विचारलं.

अण्णांनी शब्द पाळला. तीन महिने त्यांनी काकूंना कळशीला हात लावू दिला नाही. विहिरीचं पाणी, सुपारीचे हारे, नारळाची पोती, सगळं एकट्यानं उचललं. हा अखंड लढा त्यांनी वयाच्या सत्तराव्या वर्षी, कुठलंही भाषण न करता दिला.

त्यांना हर्निया झाला आहे.